पीठासीन बाईंचा प्रचार

झिराडकर बाईंना रांग नसलेली गर्दी सहनच व्हायची नाही. आमच्या इंदूरच्या तुकोगंजातल्या बिल्डिंगीत पाण्याचा टँकर येवो की गणपतीचा प्रसाद वाटायचा असो, बाई पहिल्या मजल्यावरून खाली उतरत आणि माणसांना एकामागे एक उभं करून टाकत. कोणाच्या वाढदिवसाला चॉकलेटं वाटायची असली की त्यांच्या पर्समधून निळं स्केचपेन निघायचं. चॉकलेट घेतलं की डाव्या तर्जनीच्या नखावर निळी रेघ. पुन्हा हात पुढे आला की, "बोट दाखव." माझा दीर बँकेत ऑफिसर आहे. त्याने एकदा दुसऱ्यांदा गुलाबजाम मागितला तर बाईंनी त्यालाही बोट दाखवायला लावलं होतं.

ही खोड त्यांना नोकरीतून लागली होती. बाई सरकारी शाळेत भूगोल शिकवायच्या, आणि निवडणूक कुठलीही असो, ड्यूटी त्यांना ठरलेली. मतदान केंद्राच्या मुख्य अधिकाऱ्याला आमच्या मध्य प्रदेशात पीठासीन अधिकारी म्हणतात. बाकीचे मास्तर डॉक्टरकडून पाठदुखीचं सर्टिफिकेट आणायचे, आणि बाई मात्र घरचं लग्न असल्यासारख्या उत्साहाने निघायच्या. एकदा एक बडा नेता पोरांचा लवाजमा घेऊन केंद्रात घुसला. बाई म्हणाल्या, "भिया, वोट देने आए हो कि बारात लेके?" आणि त्याला रांगेच्या शेपटाला पाठवलं. "मत कोणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा, उभं कुठे राहायचं ते मी ठरवणार," हे त्यांचं कायमचं वाक्य. रिटायर झाल्यावरही त्यांनी कधी कुठल्या पक्षाचं नाव तोंडातून काढलं नाही. माझा उपमा चांगला की शेजारणीचा, असं विचारलं तरी म्हणायच्या, "मी ड्यूटीवर आहे गं संध्या." पीठासीन बाई हे नाव त्यांना असं चिकटलं.

बाई यहुदी होत्या. कोकणातले बेने इस्राएल. त्यांचे आजोबा होळकरांच्या वेळी इस्पितळात नोकरीला म्हणून इंदुरात आले आणि इथलेच झाले. घरात मराठी अशी चोख की आमच्यासारख्यांना लाज वाटावी. आम्ही इंदूरवाले एका वाक्यात तीनदा हिंदीत जाऊन येतो. पण गंमत अशी की साऱ्या बिल्डिंगीला बाई ख्रिश्चन वाटायच्या. नाताळला सकाळपासून बेल वाजायची, "हॅपी क्रिसमस मॅडमजी!" तरुणपणी बाई समजावून सांगत. मग एका वर्षी त्यांनी ते सोडलंच आणि सरळ करंज्या तळून ठेवायला लागल्या. दाराच्या चौकटीवर त्यांच्या धर्माप्रमाणे एक छोटी तिरकी डबी ठोकलेली होती, आत प्रार्थनेचा कागद. प्रत्येक नवा कुरिअरवाला ती बेल समजून दाबत बसायचा. बाई आतून ओरडायच्या, "भैया, उसमें करंट नहीं, भगवान है!"

त्यांचं लग्न झालं नव्हतं. भावाचा मुलगा डॅनी लहानपणी पोरका झाला तो त्यांनीच वाढवला. डॅनी इथेच शिकला, अमेरिकेला गेला, न्यू जर्सीत घर घेतलं. रोज आमच्या सकाळी, म्हणजे त्याच्या रात्री, त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. फोन लावून द्यायला मी. शनिवार त्यांच्या धर्मात विश्रांतीचा, त्या दिवशी बाई फोनला हात लावायच्या नाहीत, पण मी लावून समोर धरला तर बोलायच्या. "लावलास तू. मी आपली इथे बसले आहे," असा त्यांचा हिशेब. अशाच एका सकाळी डॅनीने सांगितलं की तो त्याच्या गावच्या टाउन कौन्सिलला उभा राहतोय.

"म्हणजे पार्षद?"

"हो आत्या, पार्षदच समज."

बाईंनी त्याच पावली खाली जाऊन सगळ्या बिल्डिंगीसाठी पोहे-जिलबी मागवली. रांगेत वाटली.

त्या दिवसापासून बाई अमेरिकेच्या राजकारणात पडल्या. तिथे यहुदी सिनेटर आहेत, गव्हर्नर आहेत, महापौर आहेत, मंत्री आहेत, न्यायाधीश आहेत, हे त्यांना टॅबलेटवर रोज नव्याने कळायचं आणि त्या रोज तितक्याच हरखायच्या. नात्यातल्या माणसांसारखी चौकशी चालायची. "अगं, दोन्ही पक्षांत आहेत आपले. आणि टीव्हीवर एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. म्हणजे खरेच आपले!" इंदुरात त्यांचे सगळे यहुदी मिळून एका रिक्षात मावले असते. त्या बाईंना असा देश सापडला होता जिथे यहुदी माणूस निवडणूक जिंकतो आणि कोणी भुवई वर करत नाही. "तिथे यहुदी म्हणजे कोण, हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही गं," असं म्हणाल्या तेव्हा त्यांचा चेहरा इतका निवांत दिसला की मलाच बरं वाटलं.

अमेरिकेतली निवडणुकीची पद्धत मात्र त्यांना अजिबात पसंत पडली नाही. बोटाला शाई नाही म्हणजे काय? मत पोस्टाने पाठवतात म्हणजे काय? लोक आपल्या अंगणात उमेदवाराच्या नावाची पाटी रोवतात हे ऐकून तर त्या हबकल्याच. "मग गुप्त मतदान कशाला म्हणायचं त्याला?" डॅनीला त्यांनी बजावलं, "मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ फिरकायचं नाहीस." तो म्हणाला, "आत्या, मी उमेदवार आहे." त्या म्हणाल्या, "म्हणूनच सांगते."

मग त्याच्या प्रचाराच्या पत्रकाचा फोटो आला. गोरागोमटा हसरा डॅनी, मागे गावचं तळं आणि खाली ठळक अक्षरांत नाव, डॅन झिराड. बाईंनी फोटो मोठा केला, लहान केला, चष्मा पुसला.

"कर कुठे गेलं?"

तळमजल्यावरच्या जैनसाहेबांचं सियागंजला किराण्याचं ठोक दुकान आहे. ते तेव्हा तिथेच होते. ते म्हणाले, "मॅडमजी, कर हटाया तो पब्लिक खुश ही होगी." बाई हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॅनीने काय ते सांगून टाकलं. "आत्या, इथे कोणाला एवढं ऐकायला वेळ नाही गं. सिनेगॉगमध्ये गेलो की विचारतात, धर्म कधी बदललास? इंडियन लोक दिवाळीला बोलावतात आणि हळूच विचारतात, गोव्याचे का? मी कोणाचाच वाटत नाही. मग मी गटारांवर बोलतो. पावसाळी गटारं सगळ्यांना समजतात."

मी फोन बंद केला. चहा समोर निवत होता. तो बाजूला सारून बाई म्हणाल्या, "संध्या, मी नाताळच्या करंज्या वाटते ते मी थकले म्हणून. त्याचं अजून थकायचं वय नाही." आणि मग त्यांनी नवस बोलला. त्यांच्यात एलियाहू पैगंबराला मलिद्याचा नवस बोलतात. मला वाटलं, पोरगं निवडून येऊ दे म्हणून. "छे! जिंकायचं ते लोकांच्या हातात. त्याने चारचौघांत पूर्ण नाव सांगावं, कोण आहे ते सांगावं. एवढंच मागितलं."

नवस बोलून देवावर सोडून द्यायचा, असला स्वभाव नव्हता त्यांचा. संध्याकाळी कडक इस्त्रीची साडी नेसून माझ्या दारात हजर. "चल. प्रचाराला जायचंय." जिने जन्मभर दुसऱ्यांना प्रचारापासून शंभर मीटर लांब ठेवलं, ती बाई दुखऱ्या गुडघ्याने जिने चढून दारोदार निघाली. दार उघडलं की अगदी उमेदवारासारखे हात जोडायच्या. "नमस्कार. मी झिराडकर, पहिला मजला."

"अहो बाई, ओळखतो की आम्ही!"

"नाही ओळखत. तेच सांगायला आले. मी ख्रिश्चन नाही."

लोकांची अशी काही तारांबळ उडाली! एका घरी त्यांची समजूत घातली गेली, "असू दे हो बाई, आम्ही कुठे काही म्हणतो?" जैनसाहेबांनी विचारलं, "तो आपका क्रिसमस कब आता है?" बाई म्हणाल्या, "हमारा क्रिसमस है ही नहीं." जैनसाहेब कळवळले, "अरे! कैंसल हो गया?" खालचा इस्त्रीवाला मोहन हातातली इस्त्री बाजूला ठेवून विचारात पडला. "ईसाई नहीं. तो मुसलमान?" "नहीं." "हिंदू?" "नहीं." "तो फिर बचा कौन, मॅडम?" बाई म्हणाल्या, "मैं बची ना!"

शेवटचं घर आमचं. माझे वडील महूचे, फौजेतून रिटायर झालेले, आता माझ्याकडेच राहतात. त्यांनी बाईंचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, आमच्या घरात बुद्धाची मूर्ती बघून एका पोराने मला विचारलं होतं, अंकल, आप चायनीज हो क्या? सांगत राहायचं. दमलं की चहा प्यायचा आणि पुन्हा सांगायचं." बाई चहा प्यायल्या, गुडघ्याला माझ्याकडून मलम लावून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी डॅनीला सांगितलं, "मी सबंध बिल्डिंगीत सांगून आले. आता तू." डॅनी म्हणाला, "आत्या, मत मागायला उभा आहे मी, इतिहास शिकवायला नाही." आणि त्याने फोन ठेवला. असा फोन त्याने कधी ठेवला नव्हता. बाई दिवसभर जेवल्या नाहीत. पोर हरेल याची त्यांना चिंता नव्हती. पोर आपल्याला परकं होईल या धास्तीने त्या खचल्या होत्या, आणि माझ्यापाशी तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

पुढच्या रविवारी डॅनीच्या गावच्या सिनेगॉगच्या, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनामंदिराच्या, हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांची सभा होती. तिकडची सकाळ, आमची संध्याकाळ. आमच्या टीव्हीवर मी ती लावून दिली आणि अर्धी बिल्डिंग गोळा झाली. उमेदवार ओळीने खुर्च्यांवर बसलेले बघून बाई म्हणाल्या, "व्यवस्था चांगली आहे." डॅनीची पाळी आली. गटारं झाली, झाडांच्या फांद्या झाल्या. मग पुढच्या रांगेतला टोपीवाला म्हातारा उठला. तो काय विचारतोय ते मी सगळ्यांना मराठीत सांगितलं. "तुम्ही तर भारतीय. मग आमच्या धर्मात कधी आलात?"

डॅनीने हातातला कागद बघितला. पाणी प्यायला. बाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. डॅनी खुर्चीवरून उठला.

"माझं पूर्ण नाव डॅनियल झिराडकर," तो म्हणाला. "झिराड हे कोकणातलं गाव. आमचे पूर्वज जहाज फुटून त्या किनाऱ्याला लागले, असं आमच्यात सांगतात. घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. आम्ही धर्मात आलो नाही, आम्ही होतोच. माझी आत्या इंदूरला असते. ती सत्तरीच्या पुढे आहे, तिचे गुडघे दुखतात, आणि परवा ती जिने चढून घरोघर हेच सांगून आली. मला निदान खुर्चीवरून उठून सांगायला हरकत नसावी."

हॉलमध्ये लोक हसले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. म्हातारा जागचा हलला नाही. त्याने विचारलं, "बरं. आणि पार्किंगचं काय?" आमच्या घरात सगळे टाळ्या पिटत होते आणि बाई डोळे पुसत टीव्हीला दटावत होत्या, "अरे, उत्तर दे त्याला! केव्हाचा उभा आहे बिचारा!"

डॅनी पडला. थोड्याच मतांनी पडला, पण पडला. सकाळी त्याने तोंड लहान करून सांगितलं. बाईंनी विचारलं, "डिपॉझिट वाचलं ना?" आणि मला पोहे भिजवायला सांगितले.

मलिदा म्हणजे गोड पोहे. त्यात साखर, ओलं खोबरं, वेलची, सुकामेवा, आणि बाजूला फळं. इंदूरकराला पोह्यांत साखर खोबरं समजावणं सोपं नाही. मोहनने दबक्या आवाजात शेव मागून बघितली. रीतीप्रमाणे दहा यहुदी पुरुष हवेत म्हणे. ते कुठून आणायचे? बाईंनी जैनसाहेब, मोहन, माझे वडील, माझा दीर, जे मिळाले ते डोक्याला रुमाल बांधून बसवले. "एलियाहू समजून घेईल. तोही बिचारा कायम फिरतीवरच असतो." प्रार्थना झाली. मी डॅनीला फोन लावला आणि बाईंनी मलिद्याची ताटली त्याच्यासमोर धरली.

"आत्या, हरलो ना गं मी. मलिदा कसला करतेस?"

"झिराडकर म्हणून हरलास ना?"

"हो."

"मग झालं तर! झिराड म्हणून जिंकला असतास तर लोकांना काय सांगणार होते मी, कोण जिंकलं म्हणून?"

बाई पुढच्याच वर्षी गेल्या. डॅनी आला होता. सगळं आटोपल्यावर रिकाम्या घरात माझ्याशी बोलत बसला, मध्येच रडायला लागला आणि लहान मुलासारखा रडला. त्यानंतर तो पुन्हा उभा राहिला. या खेपेला पाट्यांवर नाव पूर्ण होतं, आणि तो निवडून आला.

त्याचा शपथविधी मी इथे पहाटे उठून एकटीने बघितला. शपथ देणाऱ्या बाईंना त्याचं आडनाव काही केल्या उच्चारता येईना. एकदा अडखळल्या, ओशाळल्या, नुसतं डॅनियल म्हणून पुढे जायला निघाल्या. डॅनीने उचललेला हात खाली घेतला. "घाई नाही," तो हसून म्हणाला, "सावकाश म्हणा. मी थांबतो." आणि खरंच थांबला. शेवटी त्या बाईंना ते जमलं, तेव्हाच त्याने हात पुन्हा वर केला. मी आमच्या रिकाम्या दिवाणखान्यात मोठ्याने म्हणाले, "शाब्बास!" ते म्हणायला तिथे बाई असायला हव्या होत्या.