कर्णेवाल्या अण्णांची ज्योत

कर्णेवाले अण्णा घरात कधी हाक मारायचे नाहीत. आमच्या कोल्हापुरात कुणी पत्ता विचारला तरी परक्याला वाटतं भांडण जुंपलंय, आणि हा माणूस चहा हवा असला तरी उठायचा, स्वयंपाकघरात जायचा, बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या, समोर ओठ दिसतील असा उभा राहायचा आणि मग हलक्या आवाजात म्हणायचा, "च्या टाकतीस का?" नवख्याला वाटायचं, काय शांत स्वभाव! अहो कसला शांत! अख्ख्या मंगळवार पेठेच्या या माणसानं वर्षानुवर्षं कानठळ्या बसवल्या होत्या.

लग्नात कर्णे लावण्यापासून त्यांचा धंदा सुरू झाला. मग लाकडी बॉक्स आले, मग गणपतीत एकावर एक बॉक्स रचून उभी केलेली डॉल्बीची भिंत. त्यांची एक पद्धत होती. नवा बॉक्स जुळवला की परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये वहिनींना त्याच्यासमोर उभं करायचे, सनईची एक जुनी कॅसेट लावायचे आणि आवाज चढवत चढवत ओरडायचे, "फाटतंय का?" सनई जिथं चिरकायची तिथं वहिनी हात वर करायच्या. लगेच अण्णा बटण तसूभर मागं घ्यायचे आणि तिथं खडूनं खूण करायचे. "मला मीटर कशाला पायजे? हिचा कान हाय की!" हे ते साऱ्या पेठेला अभिमानानं सांगायचे. मी तेव्हा आमच्या तालमीचा, म्हणजे गणपती मंडळाचा, कार्यवाह. दरवर्षी मीच त्यांना सांगायचो, "अण्णा, पलीकडच्या तालमीपेक्षा जरा जास्त पायजे हं!" नाद खुळा होता आमचा, दुसरं काय!

आधी वहिनींना कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली. भात करपायचा आणि अण्णा चिडायचे. मग त्या बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं टक लावून बघायला लागल्या. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बारीक, वरच्या पट्टीचे आवाज गेलेत, ते काही परत यायचे नाहीत. कानात मशीन घाला. आठवड्याभरात अण्णांनी बॉक्स, ॲम्प्लिफायर, वायरींची भेंडोळी सगळं विकून टाकलं. कॅसेट तेवढी ठेवली. मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, "अण्णा, आम्हीपण होतो की यात." ते म्हणाले, "तुमी सांगितलासा. बटन मी फिरवलं." त्यांनी मला एवढ्या स्वस्तात सोडलं याचीच मला जास्त लाज वाटली.

आणि मग त्यांनी मोबाइलवर कुठंतरी ती ज्योत पाहिली. टेस्ला कॉइल म्हणतात तिला. प्लास्टिकच्या पाइपवर तांब्याची बारीक तार गुंडाळायची, खाली सर्किट जोडायचं, की वरच्या टोकाला जांभळी ज्योत पेटते. त्या सर्किटला गाणं दिलं की ज्योतीभोवतीची हवाच थरथरते आणि गाणं ऐकू येतं. ना स्पीकरचा कागदी कोन, ना बॉक्स. अण्णांनी ध्यासच घेतला. "साध्या स्पीकरला सनईचं वरचं काम जमत न्हाय. ह्येला जमतंय. तेवढं तरी हिला पोचंल," ते म्हणाले. पोचणार नव्हतं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मलाही ते कळत होतं. पण त्यांच्या तोंडावर बोलायची माझी छाती झाली नाही, आणि मी शिरोलीच्या कारखान्यातून सर्किट गार ठेवायला ॲल्युमिनियमचे तुकडे आणून देत राहिलो.

तार ते हातानं गुंडाळायचे. एक वेढा दुसऱ्यावर चढला की शिवी हासडून सगळं सोडायचे आणि पुन्हा पहिल्यापासून. फटदिशी ट्रान्झिस्टर जळायचे, शेजारच्यांचा टीव्ही मुंग्या दाखवायचा, शेडमध्ये झेरॉक्सच्या दुकानात येतो तसला वास भरायचा. मी जवळ गेलो की खेकसायचे, "लांब हो! शॉक कळायच्या आदी कातडी जळती."

एका रविवारी दुपारी ती ज्योत गायली. वहिनी शेडच्या उंबऱ्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मशीन कानात शिट्टी मारतं म्हणून एरवी डबीत असायचं. त्या दिवशी मी आलो म्हणून त्यांनी घातलं होतं. अण्णांनी कॅसेट लावली. कॉइलवरच्या सुईच्या टोकावर बोटाच्या पेराएवढी ज्योत उभी राहिली आणि तिच्यातून सनई यायला लागली. आवाज एवढासाच, पण काय स्वच्छ! अण्णा ज्योतीकडं बघतच नव्हते, ते वहिनींकडं बघत होते.

अचानक वहिनींनी मेथी टाकून कानावर हात दाबला. "अवो, बारीक करा की! सनई डोस्क्यात शिरली!"

मी कॉइलकडं आणि मग वहिनींच्या कानाकडं बघितलं. मग माझ्या लक्षात आलं. कॉइलच्या विजेच्या लहरी त्या कानातल्या मशीननं थेट पकडल्या होत्या. आम्हाला इवलीशी वाटणारी सनई त्यांच्या कानात भिंतीएवढी वाजत होती. "ऐकू आलं! हिला ऐकू आलं रं!" म्हणत अण्णा टाळी वाजवणार, तोच त्यांना वहिनींचा वाकडा झालेला चेहरा दिसला. त्यांनी झटकन बटण बंद केलं.

ते वहिनींसमोर उकिडवे बसले. "बारीक करा म्हणालीस," ते म्हणाले. "तवा कवा म्हणाली न्हाईस. एकदाबी न्हाई. का?"

वहिनी कान चोळत होत्या. रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, "तुमी 'फाटतंय का' इचारत हुता. मी फाटलं की हात वर करत हुतो. 'दुखतंय का' असं कवा इचारलंसा?"

अण्णा लहान पोरासारखे रडले. वहिनी घाबरून म्हणाल्या, "रडताय कशाला? सनई चांगली हुती की." मी मान खाली घालून सांडलेली मेथी गोळा करत बसलो.

ती कॉइल पुन्हा कधी पेटली नाही. गेल्या थंडीत अण्णा गेले. दिवसकार्य उरकल्यावर वहिनींनी ती माझ्या हातात ठेवली. "तुमी घेऊन जावा. मला बघवत न्हाई." आता ती माझ्या घरी माळ्यावर आहे, जुन्या चादरीत गुंडाळलेली.

परवा गणपतीसाठी आमच्या तालमीची डॉल्बीची भिंत उभी राहिली, बरोबर वहिनींच्या दारासमोर. त्या दारातच बसल्या होत्या, मांडीवर सूप घेऊन. मी आता तालमीचा सल्लागार. पोरांनी आवाज चढवला. त्यांच्यातला एक माझ्या कानाशी येऊन ओरडला, "काका, फाटत न्हाय न्हवं?"

मी वहिनींकडं बघितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं होतं आणि दोन्ही हात कानांवर दाबले होते.

"न्हाय," मी म्हणालो. पोरानं तेवढंच विचारलं होतं.