साडूंनी पक्की केलेली नाचाची चटई

दुकानात मिळणारी प्रत्येक वस्तू अर्धीच तयार झालेली असते आणि उरलेली अर्धी गिऱ्हाइकाने घरी नेऊन पुरी करायची असते, असे मानणारा या पृथ्वीवर एकच माणूस असेल, आणि तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने नवरा म्हणून पत्करला आहे. म्हणजे आमचे साडू. मी हिशेबाचा माणूस आहे, वाढवून सांगायची मला सवय नाही. तरीही सांगतो की सांगलीच्या त्यांच्या घरात कारखान्यातून आली तशीच राहिलेली वस्तू मला अजून आढळलेली नाही. एकदा नवी छत्री आणली, ती वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्या दांड्याला दोरी लावून ती शर्टाच्या बटणांना बांधली. कृष्णेच्या पुलावर वारा आला. छत्री गेली ती गेलीच, सोबत शर्टाची बटणेही गेली. साडू उघड्या छातीने घरी आले आणि म्हणाले, "दोरी काय तुटली न्हाई. बटणं हलकी लावल्याती कंपनीनं." मिक्सरचा आवाज फार होतो म्हणून त्यांनी त्याला कापूस भरलेल्या लाकडी पेटीत बसवले. आवाज बंद झाला. थोड्या वेळाने धूर सुरू झाला. त्यावरही ते खूश होते, कारण "आवाज तर गेला न्हवं?" पंख्याला हात घालताना शिडीवरून पडले आणि गुडघा दुखावून घेतला, पण प्लॅस्टरमध्ये असताना त्यांनी पहिले काम केले ते शिडीत सुधारणा करण्याचे.

बाजारात त्यांची हळदीची अडत आहे. त्या दुकानातला वजनकाटा ही एकच वस्तू अशी, की तिला त्यांनी कधी पान्हा लावला नाही. मी एकदा कारण विचारले. म्हणाले, "साडू, काटा आपला नसतो. अर्धा शेतकऱ्याचा, अर्धा व्यापाऱ्याचा. तिथं आपलं डोकं चालवायचं न्हाई." हे उत्तर ऐकल्यापासून मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो. पण काटा सोडून बाकी सगळे जग त्यांना आपलेच वाटे, ही खरी अडचण होती. आणि या अडचणीपायी आमच्या आक्कांचा, म्हणजे साडूंच्या बायकोचा, एकुलता एक भाऊ जवळजवळ तुटला होता.

हे आमचे मेव्हणे सिंगापूरला नोकरीला. एका दिवाळीला ते आले असताना साडूंना त्यांच्या बॅगेचे कुलूप कच्चे वाटले. मेव्हणे झोपलेले असताना साडूंनी ते पक्के केले. इतके पक्के, की मुंबईच्या विमानतळावर तपासणीच्या वेळी ते किल्लीला जुमानेना. शेवटी हातोडा आणावा लागला आणि मेव्हणे सुतळीने आवळलेली बॅग घेऊन परदेशी गेले. त्यानंतरच्या तीन दिवाळ्यांना ते आले नाहीत. आक्कांची भाऊबीज पाकिटातून येई. आक्का ते पाकीट देवापुढे ठेवत आणि त्या दिवशी जेवत नसत. नवऱ्याला काही बोलत नसत, आणि साडूंना तेच जास्त लागे.

म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीला, एका दिवाळीत मेव्हणे बायको आणि दहा वर्षांच्या मुलीसह येणार असे कळले, तेव्हा आक्कांनी घरातली सगळी हत्यारे एका गोणपाटात बांधून माळ्यावर टाकली. भाऊबिजेसाठी आम्ही दोघे साताऱ्याहून आदल्या दिवशीच सांगलीला पोहोचलो होतो. आक्कांनी मला बाजूला घेऊन सांगितले, "भाऊजी, ह्यांच्यावर लक्ष ठेवा. ह्या खेपेला माझा भाऊ रुसून गेला तर परत न्हाई यायचा." मी मान डोलावली. मान डोलावणे सोपे असते.

मुलीने सोबत व्हिडिओ गेमचा डबा आणि एक चटई आणली होती. प्लॅस्टिकची, घडी करता येणारी, तिच्यावर चार दिशांना चार बाण. ती वायरने खेळाच्या डब्याला आणि डबा टीव्हीला जोडायचा. गाणे सुरू झाले की पडद्यावर बाण वर सरकत जातात, आणि बाण जागेवर आला की चटईवरच्या तशाच बाणावर नेमका पाय द्यायचा. म्हणजे नाचायचे, पण गुण मोजून. मला हा खेळ बरा वाटला. पण चटई स्वस्तातली होती. आक्कांच्या गुळगुळीत फरशीवर ती सरके, चुरगळे. पोरीचा पाय बाणावर पडे आणि पडद्यावर मात्र चूक दिसे. तिने बऱ्याच वेळा प्रयत्न केला, मग टीव्ही बंद करून खिडकीशी जाऊन बसली. तिला मराठी बेताचेच येत होते आणि घरात तिच्या वयाचे कोणी नव्हते. तो खेळ एवढेच तिचे ओळखीचे होते.

साडू कोपऱ्यात सुपारी कातरत हे पाहत होते. माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पोरीचा पाय बराबर पडतुया वो. चटईच खोटं बोलतिया."

मी उठून माळ्यावरचे गोणपाट जागेवर आहे ना, ते पाहून आलो.

भाऊबिजेच्या दिवशी सकाळी सगळी मंडळी नरसोबाच्या वाडीला गेली. संध्याकाळी परत येऊन ओवाळणी करायची असे ठरले होते. घरात आम्ही दोघे साडूच. मी वर्तमानपत्र उघडले. ते वाचून होईपर्यंत साडू माळ्यावरून गोणपाट घेऊन खाली उतरले होते आणि चटईच्या कडेची शिवण ब्लेडने उसवत होते.

"साडू, आक्कांनी काय सांगितलंय?"

"हत्यारं दिसू नगंत म्हणाली. दिसणार न्हाईत."

"मेव्हण्यांची वस्तू आहे ती!"

"मेव्हण्याची न्हाई. पोरीची हाय. कडा उसवून निसती आत बगतो."

आत पाहिल्यावर मलाही पाहावेसे वाटले, हे कबूल करायला हरकत नाही. वर एक प्लॅस्टिक, खाली एक प्लॅस्टिक, दोन्हींवर चंदेरी पट्टे, आणि मध्ये भोके पाडलेला स्पंज. पाय दाबला की भोकातून वरची पट्टी खालच्या पट्टीला टेकावी, अशी योजना. पण स्पंज जाड, भोके लहान आणि तिन्ही थर एकमेकांवर सुटे. पाय घसरला की बाण एकीकडे आणि भोक दुसरीकडे. साडूंनी जिभेने च्‌ च्‌ केले. एखाद्या आजाऱ्याला आधीच्या डॉक्टरने काय करून ठेवले आहे ते पाहणाऱ्या नव्या डॉक्टरसारखा त्यांचा चेहरा झाला होता.

मग ते थांबले नाहीत. कात्रीने भोके वाढवली. प्रत्येक बाणाखाली, अगदी तळाच्या प्लॅस्टिकच्याही खाली, कडकपणा यावा म्हणून कपाटातून स्वतःच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे काढला आणि त्याचे चार तुकडे केले. "डॉक्टर म्हणाला हुता, ह्या गुडघ्याकडनं काय आता काम हुयाचं न्हाई. बगा, लागला कामाला." सायकलच्या पंक्चरचे सोलुशन लावून थर जागच्या जागी चिकटवले. राहता राहिले फरशीवर सरकणे. त्यासाठी पक्की, जड, सपाट बैठक हवी होती. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, मग बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाची गादी उचलली. दिवाणाला तीन फळ्या होत्या. मधली फळी त्यांनी तीनदा मोजली, टेप धरायला मला लावले. चटई तिच्यावर नेमकी बसत होती. त्यांनी चटई ताणून चिकटवली, चारी कडांना लाकडी पट्ट्या ठेवून बारीक खिळे ठोकले आणि त्यावर हाताने थाप मारली. ढोलकीसारखा आवाज आला. मला म्हणाले, "उभं ऱ्हावा." मी उभा राहिलो. खरे सांगायचे तर फरशीपेक्षा भक्कम वाटले.

गादी आणि चादर पुन्हा दिवाणावर घातली. मधला भाग आता नुसत्या हवेवर होता. साडू हात पुसत समाधानाने बसले, आणि त्या वेळी माझ्या मनात जो प्रश्न आला तो मी विचारला.

"साडू, मेव्हण्यांची बॅग केवढी आहे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग फळीकडे पाहिले. घडी होणारी चटई आता दाराएवढी रुंद आणि दाराइतकीच ताठ झाली होती. मेव्हण्यांचे विमान परवा होते. साडूंच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी त्या दिवशी प्रथमच पाहिला. ते घाईने पक्कड घेऊन एक खिळा उपसायला लागले. खिळा निघाला, पण सोबत प्लॅस्टिक टरकायला लागले. "ऱ्हावू द्या, ऱ्हावू द्या," मी म्हणालो. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली.

फळी आम्ही दाराच्या मागे उभी केली. मेव्हणे थकून आत आले ते सरळ दिवाणाकडेच निघाले. साडू झेपावून मध्ये उभे राहिले. "हिकडं बसा, खुर्चीत. वारं लागतंय." मेव्हणे खुर्चीत बसले. त्यांच्या बायकोला मी दिवाणाच्या अगदी कडेला बसवले. "टेकायला बरं पडतं," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले आणि हातातला वाडीच्या पेढ्यांचा पुडा बाजूला, गादीच्या मधोमध ठेवला.

गादी सावकाश खोल गेली. पुडा घरंगळत खड्ड्याच्या तळाशी जाऊन बसला. आक्का ओवाळणीचे ताट घेऊन आतून येत होत्या, त्या उंबऱ्यातच थांबल्या.

"आवं," त्या म्हणाल्या, "फळी कुठाय?"

साडूंनी दाराकडे पाहिले, म्हणून सगळ्यांनीच पाहिले. मेव्हणे उठले, दार ओढले आणि ती फळी खालपासून वरपर्यंत पाहिली.

"दाजी," ते हळू आवाजात म्हणाले, "परवा निघायचंय आम्हाला. हे विमानात कसं नेऊ? डोक्यावर?"

"काढून देतो," साडू म्हणाले. "जसं हुतं तसं करून देतो. रातभर बसतो."

"तसं होतं का कधी? तुमच्या हातची वस्तू जशी होती तशी झालीय कधी?"

आक्का भावाकडे पाहत नव्हत्या, नवऱ्याकडेही नाही. ताटातल्या सुपारीकडे पाहत होत्या. पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी काढलेली होती. मेव्हणे पाटाकडे पाठ करून उभे होते. ते आता बॅगा भरायला सांगतील, असे मला वाटले. माझ्या बायकोनेही माझा दंड घट्ट धरला होता.

पोरगी मात्र फळीशी वाकली होती. तिने खिळ्यांवरून बोट फिरवले. मग कोणाला न विचारता फळी फरशीवर आडवी केली, वायर जोडली, टीव्ही लावला आणि अनवाणी उभी राहिली. गाणे सुरू झाले. पहिला बाण आला. तिने पाय दिला, आणि पडद्यावर बरोबरची खूण उमटली. दुसरा. तिसरा. मग तिने खाली पाहणेच सोडून दिले. फळी जागची हलत नव्हती. पाय पडला की टणक आवाज येई आणि पडद्यावर उजेड होई. तिचे केस उडत होते. गाणे संपले तेव्हा ती धापा टाकत होती आणि हसत होती. या घरात आल्यापासून तिला हसताना मी पाहिले नव्हते. तिच्या बापाच्या तोंडावरून वाटले, त्यांनीही बऱ्याच दिवसांत पाहिले नसावे.

साडू पक्कड घेऊन गुडघ्यावर बसले होते. "झालं? काढू आता?"

"मामा, नाही काढायचं," ती म्हणाली.

"अगं, मग नेणार कशी?" मेव्हणे म्हणाले.

"नेणार नाही. इथं राहील." तिने शब्द शोधले. "मी येणार ना. दर दिवाळी."

मेव्हण्यांनी मुलीकडे पाहिले, मग बहिणीकडे. आक्कांनी पदराने डोळे पुसले आणि नेहमीच्या आवाजात दरडावले, "बस पाटावर आता. निरांजन इझंल." मेव्हणे जाऊन पाटावर बसले. टोपी नव्हती, म्हणून साडूंनी घाईने स्वतःची टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. ती मोठी होत होती. कागद घालून ती घट्ट करावी असे साडूंच्या मनात आले असणार, कारण त्यांचा हात खिशाकडे गेला. पण आक्कांनी एक नजर टाकली आणि हात परत आला.

पोरगी बोलल्याप्रमाणे खरोखरच येत राहिली, आणि ती येई म्हणून तिचे आईबापही येत. पुढे ती मोठी झाली. तिच्या कॉलेजच्या सुट्ट्या आणि आपली दिवाळी यांचा मेळ बसेना. आता मेव्हणे एकटेच येतात, पण चुकवत मात्र नाहीत. बहिणीच्या घरी येण्याची सवय त्यांना लागली ती लागलीच. खेळाचा डबा कधीच बिघडला, आणि तो जोडता येईल असा टीव्हीही कोणाच्या घरी उरला नाही.

गेल्या भाऊबिजेला मी सकाळी लवकर बाहेरच्या खोलीत आलो, तर साडू फरशीवर बसले होते. समोर ती फळी. ओल्या फडक्याने पुसून ते एकेक बाण तळहाताने दाबून पाहत होते. एका कोपऱ्यातला खिळा वर आला होता, तो त्यांनी हलक्या हाताने ठोकून बसवला.

मी म्हणालो, "साडू, आता हिच्यावर कोण नाचणार?"

"कोण न्हाई," ते म्हणाले. फडके पिळून त्यांनी पुन्हा एकदा चारी बाणांवरून फिरवले. "पण पोरींचं काय सांगावं. अवचित दारात हुबी ऱ्हायली, तर तयार असावी."