घोषणेचे हात

साताऱ्याच्या कॉलेजात असताना मी वक्तृत्वाच्या सहा ढाली जिंकल्या, त्या बहुतेक लबाडी करून. आमच्या सरांनी तर्कदोष शिकवले होते ते दुसऱ्याच्या भाषणात ओळखायला, आणि मी ते स्वतःच्या भाषणात वापरायची. मुद्दा लंगडा पडला की मध्येच शहिदाची म्हातारी आई आणायची. परीक्षकांचे डोळे भरले की मुद्दा कोण बघतंय! म्हणून त्या ग्रामसभेत सुभेदारांनी माईक हातात घेतला, तेव्हा दोन वाक्यांतच कळलं, हा गडी माझ्याच तालमीतला.

आमचं गाव वडूजच्या पलीकडचं, कोरडं. माझ्या वडिलांची, आबांची, साठ मेंढरं गावच्या गायरानावर चरतात. दुसरं रान आम्हाला नाही. फौजेतून निवृत्त झालेल्या सुभेदारांना त्या सगळ्या गायरानाला कुंपण घालून पोरांसाठी भरतीच्या सरावाचं मैदान करायचं होतं. मैदानाला माझी ना नव्हतीच. पण शाळेमागची जागा पडीक असताना गायरानच कशाला? कुंपण पडलं असतं तर आबांना मेंढरं विकावी लागली असती.

मी उभी राहून एवढंच विचारलं. सुभेदार हसले आणि अठरा वर्षं बर्फात कसे उभे राहिले ते सांगू लागले. ज्याला मैदान नको त्याला जवान नको, म्हणाले. बर्फाचा आणि शाळेमागच्या जागेचा संबंध काय, ते कुणी विचारेना. मग म्हणाले, आज हिच्या मेंढरांचं ऐकलं तर उद्या ती देवळात बांधतील. तरी मी म्हणतच होते, काका, जागेचं बोला. तेव्हा ते थेट माझ्यावर घसरले. मेंढक्याची पोर चार बुकं शिकली आन गावाला अक्कल शिकवाया निघाली, म्हणे! माझ्या अंगाची लाही लाही झाली. शेजारच्या बायका पदर ओढून मला खाली बसवत होत्या. नाही बसले.

मग सुभेदारांनी शेवटचा डाव टाकला. आवाज चढवून ‘भारत माता की’ म्हणाले, आणि अख्ख्या सभेनं मुठी वर करून ‘जय’ म्हटलं. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत. ही घोषणा कानावर पडली की हात आपसूक वर जातो. ग्रामसेवकानं मान खाली घालून लिहिलं आणि लगेच वाचलंही: ठराव हात वर करून सर्वानुमते मंजूर. माणसं उठून चपला शोधायला लागली. सगळ्यात उंच हात आबांचा होता, हे मी बघितलं होतं. रडू आलं मला, रागाचं.

मी पुढं जाऊन माईक घेतला. हिसकावलाच म्हणा ना.

“ते हात घोषणेचे हुते,” मी म्हणाले. “ठरावाचे येगळे मोजा.”

सुभेदार शांतपणे म्हणाले, तुझ्या बापालाच विचार, हात वर केला का न्हाई. सगळ्या माना आबांकडं वळल्या. जन्मात कधी सभेत बोलले नव्हते ते. गुडघ्यावर हात टेकून उठले.

“केला की,” आबा म्हणाले. “धाकला भाऊ हाय माझा सीमेवर, त्येच्यासाठी केला. आता सांगा सुभेदार, मेंढरं कुठं चारू?”

सुभेदार देशाबद्दल बोलले. आबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, व्हय, पन मेंढरं कुठं चारू? मग ते त्यागाबद्दल बोलले. आबांनी पुन्हा तेच विचारलं, तसंच, आवाज न चढवता. माझ्या सहा ढालींत असलं एक वाक्य नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, आवं सांगा की मग. चपला शोधणारी माणसं परत बसली.

सुभेदार पुढच्या सभेला बघू म्हणाले. ग्रामसेवक वही मिटायला लागला, तशी मी तिच्यावर हात ठेवला. मुकाट्यानं खोडा म्हटलं. ‘सर्वानुमते मंजूर’वर त्यानं आडवी रेघ मारली, फिकट. मी अजून एक मारायला लावली.

ठराव परत येणार, मला ठाऊक आहे. येऊ दे. पुढच्या सभेला आबा माझ्याआधी जाऊन बसणार आहेत, पहिल्या रांगेत.