एकशे अठरा किलोचं हरीण आणि माझी बहीण

"तू तिथेच आहेस ना जपानमध्ये? मग एकदा जाऊन बघून ये, अनघा नक्की काय काम करते ते. आणि जमलं तर तिला तुझ्याकडे टोकियोला घेऊन ये." पुण्याहून आई फोनवर असं म्हणते तेव्हा तिला टोकियोतलं माझं निशी-कसाई आणि उत्तरेचं होक्काइदो म्हणजे कोथरूड आणि हडपसर वाटत असतं. पण धाकट्या बहिणीला भेटून मलाही बरेच दिवस झाले होते. शिवाय आमच्या टीममध्ये टेस्टिंगची एक जागा खरंच रिकामी होती. मॅनेजरच्या कानावर घातलं आणि डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी टोकियोच्या हानेदा विमानतळावरून होक्काइदोतल्या कुशिरोचं विमान पकडलं.

जाणार असाल तर तिकीट लवकर काढा, जवळजवळ निम्म्यात मिळतं. विमानतळावर भाड्याच्या गाडीला बर्फाचे टायर लावलेलेच असतात, तरी फोर-व्हील ड्राइव्ह आवर्जून मागा. खरी भीती बर्फाची नाही, हरणांची. ती कळपाने रस्ता ओलांडतात. एक गेलं म्हणून निघालात की मागून दुसरं येतं. दुपारी चारच्या आत अंधार पडतो, तेव्हा त्याआधी मुक्कामी पोचा. शाकाहारी असाल तर दशम्या सोबत घ्या. कोन्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, मासा नसलेली ओनिगिरी (भाताचा मुटका) शोधायला मला दर वेळी चष्मा लावावा लागतो.

अनघाचा नवरा निखिल तिथल्या पाणथळीतल्या पक्ष्यांवर संशोधन करतो. त्याच्यामागे ती आधी सेंदाईला गेली आणि मग इथे आली. शिकाऱ्यांनी आणलेल्या हरणांचं मांस जिथे साफ करून विकलं जातं, अशा गावातल्या एका छोट्या केंद्रात ती नोकरी करते. आईला तिने 'हिशोब बघते' एवढंच सांगितलं होतं. सुरुवातीला बघतही होती.

"आता वजनं करते," मी गाडीतून उतरल्या उतरल्या तिने मला सांगून टाकलं. पायात गमबूट, अंगावर रबरी एप्रन. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. "मी खात नाही अजून. पण बघायचं असेल तर चल, सकाता-सान येतायत."

सकाता-सान म्हणजे पंचाहत्तरी ओलांडलेले शिकारी. गुडघे गेलेत, मुलं मागे लागलीत, म्हणून या मोसमानंतर ते बंदूक परत करणार होते. त्यांच्याबरोबर त्यांचे शेजारी मुराई-सान होते. दोघं कित्येक वर्षं जोडीने शिकारीला जातात. गेल्या वर्षी मुराईंनी मारलेला नर एकशे सत्तावीस किलो भरला होता, आणि सकातांना जाण्याआधी तो आकडा मोडायचा होता.

ट्रकमधून नर उतरवला तेव्हा मी दारातच थांबले. डोळे उघडे होते, मानेवरच्या दाट केसांत बर्फ अडकलेला होता. शिंगं मोठी आणि एकदम देखणी.

"अंदाज सांगा," अनघा म्हणाली. इथला रिवाजच आहे तो. काट्याला टांगण्याआधी सगळ्यांनी बोलायचं.

"एकशे पस्तीस," सकाता म्हणाले. मुराईंनी एकशे तीस सांगितले. अनघाने हरणाच्या छातीभोवती टेप फिरवली आणि एकशे बावीस म्हणाली. मी मनात माझ्या नवऱ्याच्या वजनाची दुप्पट केली आणि एकशे साठ सांगितले. सगळे हसले.

"शिंगं बघून फसलीस," अनघा मराठीत म्हणाली. "आणि हिवाळ्यातले केस. आत हरीण तेवढं नसतं."

हुक वर चढला. सकातांचा चष्मा श्वासाच्या वाफेने पांढरा झाला होता, त्यांना आकडा दिसेना. "अनागा-सान, किती?" त्यांनी विचारलं. त्यांच्या पाठीमागून मुराईंनी अनघाला हळूच बोट वर करून दाखवलं. वाढवून सांग, असं. स्वतःचा आकडा मोडला जावा म्हणून तो माणूस खुणा करत होता. मीही मनात म्हणत होते, सांग गं, काय जातंय तुझं?

"एकशे अठरा," अनघा म्हणाली.

सकातांनी हातमोजा काढला आणि हरणाच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले.

"मुराईचं कधीचं होतं?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"ऑक्टोबरच्या सुरुवातीचं. माजावर येण्याआधीचं," अनघा म्हणाली. "माजात नर धड खात नाहीत, डिसेंबरपर्यंत बरेच उतरतात. तेव्हा हे किती भरलं असतं, ते मला नाही सांगता येणार."

"माझ्यापेक्षा जास्त भरलं असतं!" मुराई म्हणाले.

"भरलं असतं, ते काट्याला टांगता येत नाही," सकाता म्हणाले. मग हरणासमोर कमरेत वाकले, आणि त्यानंतर अनघासमोरही. तिला त्यांनी बटाट्यांची पिशवी दिली. बायकोने पाठवलेली.

संध्याकाळी त्याच बटाट्यांची भाजी परतताना मी तिला विचारलं, "वाढवून सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? शेवटचा मोसम होता त्यांचा."

"त्यांनी इतकी हरणं उचललीत, ताई. त्यांना उचलतानाच कळलं असणार. तरी विचारलं, कारण मी वाढवत नाही. आज वाढवलं असतं तर आधीचे सगळे आकडेही गेले असते." तिने कढईवर झाकण ठेवलं. "मला खूप वाईट वाटलं पण."

मग मी टोकियोतल्या नोकरीचं बोलले. तिने पगार, वेळा, घरून काम, सगळं नीट विचारून घेतलं. मला वाटलं, येणार.

"नको," ती म्हणाली. "सेंदाईत दोन वर्षांत मी फक्त कचरा वेगळा करायला शिकले. इथे ट्रक थांबला की माणूस आधी विचारतो, अनागा-सान आहे का."

"आईला काय सांगू?"

"तुला वाटेल ते सांग. मला नाही जमलेलं अजून."

रविवारी उशिरा निशी-कसाईला पोचले. बॅग तशीच दारात. कुशिरोची पाणथळ, पांढऱ्या रानात उभे असलेले करकोचे, कडेला वाफ सोडणारं तळं, हे सगळं बघितलं आणि ते बघण्यासारखं आहेच. पण माझ्याजवळ राहिलं ते गारठलेल्या शेडमधलं, आकडा सांगून झाल्यावर हरणाशेजारी उभ्या राहिलेल्या माझ्या बहिणीचं तोंड. लहानपणापासून ओळखते मी ते. तसं कधी दिसलं नव्हतं.

आईचा फोन आलाच. "काय करते ती?"

'हिशोब' हा शब्द ओठावर आला होता. "हरणांची वजनं करते, आई. शिकाऱ्यांनी मारलेल्या."

मग, "खाते का?"

"नाही."

मी तिला सगळं सांगितलं. सकाता-सान, काटा, मुराईंची खूण.

"म्हाताऱ्या माणसाला वाईट वाटलं असेल," आई म्हणाली.

"वाटलं."

"तरी तिने खरंच सांगितलं?"

"हो."

"तिथे आत्ता किती वाजलेत?" आईने विचारलं. मी सांगितलं. "मग जागी असेल. ठेव तू, मी तिला लावते."