उंबऱ्यावरचं ऊन

“कॅन्सर परत आलाय,” बायोप्सीचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले. बायोप्सी म्हणजे जखमेचा बारीक तुकडा काढून तपासणं. माझ्या जिभेच्या कडेला चट्टा होता, तिखट लागलं की आग व्हायची. पहिल्या वेळी रेडिएशन, म्हणजे किरणांचे शेक, घेऊन झाले होते. ते पुन्हा देता येणार नव्हते. ऑपरेशन केलं तर अर्धी जीभ जाणार होती.

माझं दिंद्रुडला बांगड्यांचं दुकान आहे. बाईचा हात हातात घेऊन, तिला बोलण्यात गुंतवूनच चुडा भरावा लागतो, म्हणजे हात दुखत नाही. बोलताच आलं नाही तर मी काय करणार? मरणापेक्षा मला त्याचीच धास्ती जास्त होती.

डॉक्टरांनी फोटोडायनॅमिक थेरपी सुचवली. आधी शिरेतून औषध देतात. काही दिवसांनी जिभेवरच्या गाठीवर लेझरचा लाल उजेड टाकतात. उजेड पडेल तिथंच औषध जागं होतं आणि गाठ मारतं. “गाठ उथळ आहे म्हणून हा विचार. सगळ्यांना चालत नाही, आणि खात्री मी देत नाही,” ते म्हणाले. तुम्हाला कुणी हे सुचवलं तर आधी तेवढं विचारून घ्या.

उजेड टाकताना भूल होती. त्रास झाला तो नंतर. जीभ सुजून तोंडात मावेना, बोलणं बंद. घरी सोडताना नर्सने बजावलं, औषध अंगात आहे तोवर ऊन अजिबात नको, घरात मंद दिवा चालेल.

गॉगल, हातमोजे, डोक्यावरून शाल, अशी मी गाडीतून उतरले. भर दुपार होती. दारात सासूबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या. दवाखान्यातून आलेलं माणूस आमच्याकडे तुकडा ओवाळल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

“शाल काढ गं. तोंड झाकल्यावर दिष्ट कशी निघंल?”

नवरा गाडीतलं सामान काढत होता. एरवी मी सासूबाईंच्या एकाही वाक्याला उलट उत्तर दिल्याशिवाय राहत नाही, पण तेव्हा जीभ हलेना, नुसती नको म्हणून मान हलवली. त्यांना वाटलं, रडतेय. त्यांनीच शाल सारली, गॉगल काढला आणि सावकाश ओवाळलं. संध्याकाळपर्यंत कपाळावर, गालांवर फोड आले.

फोनवर डॉक्टर रागावले, मलम सांगितलं. सासूबाईंनी घरातल्या सगळ्या वाकळा काढून खिडक्यांना बांधल्या. भेटायला येणाऱ्या बायांना दारातूनच वाटेला लावलं. दिवसभर अंधारात माझ्याजवळ बसायच्या आणि माझ्या वाट्याचंही त्याच बोलायच्या. “आता तू म्हनली असतीस, आत्याबाई, पेजंत मीठ लई झालंय. झालंय खरं.” हसू यायचं, पण रागही होता. सूज उतरली, इतरांशी बोबडं बोलू लागले, तरी त्यांच्याशी बोलले नाही.

पुढच्या तपासणीत गाठ दिसली नाही. “सध्या नाही. तपासायला येत राहायचं,” डॉक्टर म्हणाले. हे ‘सध्या’ घेऊनच आता जगायचं, आणि ते मला पुरतं.

त्या दिवशी घरी आले तर दारात कुणी नव्हतं. सासूबाई आत, चुलीशी, पाठमोऱ्या बसल्या होत्या. मी उंबऱ्याबाहेर सावलीत उभी राहिले.

“आत्याबाई, तुकडा आना. तशी न्हाई येनार मी घरात.”

त्यांनी वळून पाहिलं. “बोलली गं बाई,” म्हणत पदराने डोळे पुसले आणि भाकर शोधायला लागल्या. भाकर त्यांच्या हातातच होती.