आधी तुमचं होऊ द्या

२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि मला वाटायचं की मी कोणाला भीत नाही. त्या साली आमच्या मंडळाच्या अध्यक्षाची निवडणूक झाली. त्या निवडणुकीत एक बाई उभ्या होत्या, त्यांच्याबद्दल लिहून राहिलो. नाव लिहीत नाही. सगळे त्यांना बाईच म्हणत.

पंगतीत कोणी म्हटलं, "बाई, आता तुम्हीही बसा," की त्या हातातला डाव तसाच वर धरायच्या, कढी गळू नये म्हणून खाली दुसरा तळहात लावायच्या आणि म्हणायच्या, "आधी तुमचं होऊ द्या." तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. आपण त्यांना चांगलं म्हणतो आणि पुढचा घास घेतो.

जबलपूरला आम्हा मराठी लोकांचं हे एक छोटं मंडळ. कोणी फॅक्टरीतले, कोणी रेल्वेतले, कोणी कितीतरी पिढ्यांपासून इथलेच. एक हॉल, मागे स्वयंपाकघर, दाराशी एक माठ. बाई एका शाळेत पाणी भरायच्या. रिटायर झाल्यावर दीक्षितपुऱ्यात एका खोलीत एकट्या राहायच्या. हॉलची चावी त्यांच्याकडे. सकाळी सहाला हॉल उघडायचा, झाडायचा, माठ भरायचा. आम्ही म्हातारे सातला पेपर वाचायला यायचो, तेव्हा बाई निघून गेलेल्या असायच्या. पाणी थंड असायचं.

दवाखान्यात बाईंचा नंबर तिसरा लागायचा आणि घरी जायच्या त्या शेवटी. गल्लीच्या नळावर सगळ्यांना पुढे करता करता नळच जायचा. एकदा रिकामी बादली घेऊन परत जाताना मला दिसल्या. मी म्हणालो, "बाई, तुम्ही येड्या आहात."

"असू द्या भाऊ. नळ काय, उद्या येईलच."

माझी बायको गेली तेव्हा तेरा दिवस त्या आमच्या घरी चेरीतालला येऊन स्वयंपाक करत होत्या. मला दात कमी, म्हणून पोळी दुधात कुस्करून द्यायच्या. हे मी सांगितलं नव्हतं. त्यांनी पाहिलं होतं.

आता निवडणुकीचं. मी चौथी शिकलो. मंडळाच्या एका बैठकीत मी काहीतरी बोलायला उठलो, तर एक पोरसवदा मेंबर म्हणाला, "काकाजी, बैठिये ना, ये पढ़े-लिखों की बात है." लोक हसले. मला ते लागलं. अध्यक्षपदासाठी एक रिटायर साहेब एकटेच उभे होते, बिनविरोध होणार होते. मी उठलो, बाईंच्या नावाचा अर्ज आणला आणि सूचक म्हणून माझी सही ठोकली. अनुमोदक म्हणून शेजारच्या वहिनींची घेतली. बाईंना नंतर सांगितलं.

"मला काहून उभं करता, भाऊ? मला भाषण येत नाही."

"मी आहे ना."

"तुम्ही आहात, पण मतं?"

"बाई, तुमच्या हातचं खाल्लं नाही असं एक घर दाखवा मला."

"वाढलं म्हणून मत मागायचं काय? मी कोणाच्या दारी जाणार नाही, सांगून ठेवते."

"तुम्ही नका जाऊ. मी फिरतो. माझा शब्द आहे."

माझ्या शब्दावर त्या उभ्या राहिल्या. सहीच्या जागी त्यांनी नाव लिहिलं तेव्हा, खरं सांगतो, चेहऱ्यावर थोडा आनंद होता. तो मी पाहिला आहे.

दोन दिवस फिरलो. माणूस मत कसं ठरवतो ते तेव्हा कळलं. एक म्हणाला, "काम बाईच करतात हो, पण अध्यक्ष कसा, स्टेजवर शोभला पाहिजे." दुसरा म्हणाला, "कलेक्टरकडे जायचं तर इंग्रजी नको का?" एक वहिनी म्हणाल्या, "बाई अध्यक्ष झाल्या तर स्वयंपाकघर कोण बघेल?" मी प्रत्येकाशी भांडलो. मला वाटत होतं, मी यांच्यासारखा नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब माझ्या घरी आले.

फॅक्टरीत बत्तीस वर्षं मी मशीनवर आणि ते काचेच्या केबिनमध्ये. त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. "ए, सुन" एवढंच. तेच साहेब आमच्या दारात बूट काढून आत आले, माझ्या खाटेवर बसले, आमच्या पेल्याने पाणी प्यायले. म्हणाले, "काकाजी, तुमच्याशिवाय मंडळ कसं चालणार? गणपतीला स्टेजवर तुमची खुर्ची माझ्या बाजूला." बाईंबद्दल वाकडा शब्द बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "उन्हें क्यों तकलीफ दे रहे हैं आप?" मी त्यांचा पेला परत भरून दिला.

ते गेल्यावर सून म्हणाली, "बाबा, एवढे मोठे साहेब आपल्या घरी!"

मी म्हणालो, "येतात."

मतदानाच्या दिवशी छापील कागद होता, दोन नावं, पुढे चौकट. पडद्याआड गेलो. चष्मा लावला, दोन्ही नावं नीट वाचली आणि साहेबांच्या नावापुढे फुली मारली. घाई नव्हती, चूक नव्हती. मनात धरलं होतं की बाईंना वीस-बावीस मतं तर पडणारच, माझं एक इकडे गेलं तर कोणाला कळतंय.

माझ्यामागे बाई होत्या. कागद हातात घेऊन मला हळूच म्हणाल्या, "भाऊ, आपल्या ताटात आपणच वाढून घ्यायचं म्हणजे कसंतरी वाटते. आणि दुसऱ्यांना द्यावं तर तुमचा शब्द मोडते."

मी म्हणालो, "बाई, लाइन थांबली आहे."

अडतीस मतं होती. मोजायला एक म्हातारे मास्तर बसले. एकेक कागद उघडायचे, नाव मोठ्याने वाचायचे. साहेब. साहेब. साहेब. दहा झाले. पंधरा झाले. मी वाट पाहत होतो की आता कोणाचं तरी बाईंचं निघेल. अनुमोदक वहिनी तर लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या होत्या. पण ज्यांची लेकरं बाईंनी सांभाळली ते होते, ज्यांच्या घरी तेरवीला राबल्या ते होते. वीस झाले. तीस झाले. सगळ्यांनीच माझ्यासारखं धरलं होतं. शेवटी सदतीस साहेबांचे निघाले आणि एक कागद कोरा.

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, डाव हातात, कारण नंतर जेवण होतं आणि ते त्यांनीच रांधलं होतं.

तेव्हा मी गप्प बसलो असतो तर थोडी इज्जत राहिली असती. त्यांची. पण मी उभा राहिलो आणि म्हणालो, "गिनती गलत आहे. परत मोजा."

मास्तर म्हणाले, "काकाजी, सगळ्यांसमोर मोजलं."

"परत मोजा म्हणतो ना."

परत मोजलं. पुन्हा सदतीस वेळा साहेबांचं नाव, एकेक करून, मोठ्याने. माझ्या हट्टामुळे बाईंना ते दोनदा ऐकावं लागलं. संपल्यावर तो पोरसवदा मेंबर म्हणाला, "काकाजी, अर्ज तर तुम्हीच भरला होता. मग तुमचं मत कुठे गेलं?"

हॉल हसला. साहेबही हसले, पण रुमालाआड. मला कान गरम झालेले आठवतात.

दारातून बाई म्हणाल्या, "त्यांना काहून विचारता? मीच सांगितलं होतं त्यांना, साहेबांना द्या म्हणून. मंडळाला वजनदार माणूस पाहिजे. मी तर नावापुरती उभी होती."

हसणं थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, बाईंच्या मोठेपणासाठी. बाईंना मी तीस वर्षं ओळखत होतो, त्यांना खोटं बोलताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"चला, पानं मांडली आहेत," त्या म्हणाल्या. माझ्या पानाशी आल्या, भात वाढला, कढी वाढली, आणि माझ्या पोळीचे बारीक तुकडे करून ठेवले. माझ्या तोंडून सवयीने निघालं, "बाई, तुम्ही?"

"आधी तुमचं होऊ द्या."

मी जेवलो. दोनदा भात घेतला. हेही लिहून ठेवतो.

दोन वर्षांनी भाचा त्यांना बालाघाटला घेऊन गेला. तिथेच त्या गेल्या. मंडळात शोकसभा झाली. साहेब चांगलं बोलले. स्टेजवर त्यांच्या बाजूला माझी खुर्ची होती, आणि मी तिच्यावर बसलो. "काकाजी, आप भी दो शब्द," कोणी म्हणालं. मी नको म्हणून मान हलवली. आता सकाळी पेपर वाचायला जाताना आम्ही घरून पाण्याची बाटली नेतो.

पण मला जे सांगायचं होतं ते निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं आहे. उजाडताच निघालो. ठरवलं होतं, जाऊन म्हणायचं: बाई, मी साहेबांना मत दिलं, तुम्ही सांगितलं नव्हतं, माझी चूक झाली. चेरीतालवरून दीक्षितपुऱ्यापर्यंत पायी गेलो, वाटेत चार वेळा घोकलं. कडी वाजवली. बाईंच्या हातात चावी होती, निघतच होत्या.

"काय भाऊ, एवढ्या सकाळी?"

"काही नाही," मी म्हणालो. "काल चष्मा हॉलमध्ये राहिला. चावी पाहिजे होती."

चष्मा माझ्या नाकावर होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, चष्म्याकडे पाहिलं आणि चावी माझ्या हातावर ठेवली.

"जा, पाहून घ्या," म्हणाल्या. "मी येते मागून."

मी गेलो, हॉल उघडला, आणि बाई यायच्या आत चष्मा काढून माठाजवळ ठेवून दिला, सापडल्यासारखा.