माझ्या नावाचा कोंबडा

"सूनबाई, कोंबडा त्या पाहुण्या पोरीच्या नावानं काप. मंग मले चालते."

मी न्हाणीत होते. पत्र्याच्या दारापलीकडून हे वाक्य आलं आणि पाण्याने भरलेला तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. त्या घरात पाहुणी पोरगी मी एकटीच होते. लोकांच्या नावानं झाडं लावतात, मंदिराला पायऱ्या बसवतात. माझ्या नावानं काय होणार होतं, ते मला अंगाला साबण लावलेला असताना कळलं.

बोलत होते ते प्रज्ञाचे आजोबा. प्रज्ञा पुण्याच्या हॉस्टेलमधली माझी रूममेट. तिचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्यापासून जीपने अर्ध्या तासावर. "एकदा चल, कापूस झाडावर कसा दिसतो ते तरी बघ," असं ती वर्षभर म्हणत होती. शेवटी डिसेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री आम्ही ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये बसलो.

कारंजा मागे पडलं तेव्हा उजाडायला लागलं होतं. जमीन काळी, सपाट, आणि तिच्यावर धुक्यात पांढरे ठिपके. ते ठिपके म्हणजे कापूस, हे मला प्रज्ञाला उठवून विचारावं लागलं. दारव्ह्याच्या स्टँडबाहेर आम्ही आलूबोंडा आणि तर्री (झणझणीत लाल रस्सा) घेतली. दुसऱ्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"ताई पुण्याच्या दिसते," हॉटेलवाला म्हणाला.

"तर्रीमुळे ओळखलं का?" प्रज्ञाने विचारलं.

"नाही. आलूबोंडा चमच्यानं खाऊन राह्यल्या."

पुढे काळीपिवळी जीप. नऊ जणांच्या जागेत आम्ही किती होतो ते मी मोजायचं सोडून दिलं. शेजारच्या बाईंनी आम्ही कोणाकडे चाललो ते विचारलं, मग माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा प्रज्ञाकडे, आणि मग बाहेरची तूर पाहू लागल्या. पुण्यात हा प्रश्न इतका सरळ कोणी विचारत नाही. तिथे तो खोली भाड्याने देताना विचारतात.

प्रज्ञाचं घर गावाच्या पूर्वेच्या टोकाला, बुद्धविहाराला लागून आहे. स्लॅबच्या दोन खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं अंगण आणि अंगणात कापसाचा एक ढीग. वडील चंद्रपूरला कामाला असतात. घरी आई आणि आजोबा. आई दारातच उभी होती. "जय भीम बेटा," ती म्हणाली. मी आधी नमस्कार म्हणाले, मग उशिरा आणि फार हळू जय भीम म्हणाले. ते बहुधा फक्त कापसाला ऐकू गेलं.

"खाण्यात काय चालते तुले?" काकूंनी विचारलं.

"काहीही चालेल," मी म्हणाले.

हे दोन शब्द मी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा वापरले असतील. इंग्रजी शाळेत आम्हाला पहिल्या इयत्तेपासून शिकवलं होतं की, दुसऱ्याला त्रास होईल असं काही मागायचं नाही. मी तो धडा इतका मनावर घेतला की, मला काय हवं आहे हे पुष्कळदा मलाच नंतर कळतं. माझ्या मते त्या उत्तराचा अर्थ होता, माझ्यासाठी धावपळ करू नका. काकूंनी घेतला तो अर्थ मला पाच मिनिटांत कुंपणापलीकडून ऐकू आला. त्या शेजारणीला सांगत होत्या, "काहीबी चालते म्हणते! आपल्या घरचं काहीबी!" त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता की, मी तिथल्या तिथे खुलासा करायला हवा होता. मी आंघोळीला गेले.

मी मांस खात नाही. आमच्या घरात ते कधी शिजलंच नाही. आडनाव ऐकून लोक ते ओळखतातही. चौदाव्या वर्षी मी प्राण्यांच्या हालांबद्दल काहीबाही वाचलं आणि यापुढे मांस न खाणं ही माझी स्वतःची निष्ठा आहे, असं ठरवलं. जे कधी खाल्लंच नव्हतं, ते सोडायला फारसं अवघड गेलं नाही. हॉस्टेलच्या मेसमध्ये शाकाहारीच जेवण असल्याने प्रज्ञासमोर हा विषय कधी निघाला नव्हता.

न्हाणीतून बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "माझ्या नावानं म्हणजे काय गं?"

प्रज्ञा पोट धरून हसली. दोन वर्षांपूर्वी आजोबा श्रामणेर शिबिराला (दहा दिवस भिक्खूंसारखं राहणं) गेले होते. तिथे भन्तेंनी सांगितलं की, कोणताही जीव आपल्यासाठी मारल्याचं पाहिलं, ऐकलं किंवा तशी नुसती शंका जरी आली, तरी भिक्खू ते मांस खात नाही. आजोबांनी घरी येऊन हा नियम स्वतःला लावून घेतला. तेव्हापासून घरात त्यांच्यासाठी कोंबडा कापायची सोय उरली नाही. पाहुण्यासाठी कापला, तर मात्र हरकत नाही.

"नियम भिक्खूंचा आहे," प्रज्ञा म्हणाली, "आणि आमचे आजोबा भिक्खू नाहीत, पेन्शनर आहेत. चार महिन्यांत कोणी पाहुणा आला नाही. तू आलीस आणि काहीही चालेल म्हणालीस. मला तर बरंच वाटलं, म्हटलं सुटली बाई ही घरच्या तावडीतून!"

मी हसले. तिलाही सांगितलं नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात सांगितलं असतं. पण माझ्या आडनावाच्या माणसांनी या वस्तीत येऊन ‘आम्ही खात नाही’ हे वाक्य याआधी उच्चारलेलं असणार, आणि तेव्हा ते कोंबड्याबद्दल नसणार, एवढं मला कळत होतं. न बोलावं तर एक जीव जाणार होता. बोलावं तर काकूंचा तो आवाज जाणार होता.

त्या संध्याकाळी वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर आणि ठेचा होता. मी तीन भाकरी खाल्ल्या. आजोबा माझ्याकडे फार कौतुकाने पाहत होते. "पोट्टी खाणारी आहे," ते म्हणाले. "उद्या मजा येईन."

"मजा तुमाले येईन मामाजी," काकू म्हणाल्या. "तुमचं शील मोठं हुशार आहे. पाप पाहुणीच्या डोक्यावर आन रस्सा तुमच्या ताटात."

"भन्तेनं सांगितलं तेच करून राह्यलो मी."

"भन्तेनं कोंबडा निवडून ठेवा असं बी सांगितलं होतं का?"

कोंबडा खरोखरच निवडून ठेवलेला होता. तांबडा, तुरा एका बाजूला कललेला, चालण्यात सरपंचाचा रुबाब. रविवारी सकाळी मी अंगणात ब्रश करत होते, तेव्हा तो थेट माझ्यापाशी आला आणि त्याने माझ्या घोट्यावर चोच मारली. आमची मैत्री वगैरे काही झाली नाही. तरीही मी ठरवलं की आता सांगायचं, आणि स्वयंपाकघरात गेले.

काकू खोबरं भाजत होत्या. "बोल ना बेटा," त्या म्हणाल्या. "काहून लाजून राह्यली?"

"मी..." मी म्हणाले, "मी काही मदत करू का?"

"ये, लसूण सोल."

मी लसूण सोलला. अख्खे दोन गड्डे, अगदी नीट. कोणाच्या मसाल्यासाठी सोलते आहे हे मला पूर्ण माहीत होतं. अहिंसेवर माझा किती विश्वास आहे, हे मी प्रत्येक पाकळीसोबत मनात म्हणत होते.

तेवढ्यात आजोबा आले. थंडी फारशी नव्हती, तरी त्यांनी कानांवरून मफलर घट्ट गुंडाळला होता. "चाल, तुले वावर (शेत) दाखवतो," ते म्हणाले. मागून प्रज्ञा ओरडली, "आजोबा, कान उघडे ठेवा, आम्ही आवाज न करता कापू!" तेव्हा कुठे मला कळलं की, वावर हे एक निमित्त होतं. त्यांना पाहायचंही नव्हतं आणि ऐकायचंही नव्हतं.

शेत नाल्यापलीकडे होतं. पऱ्हाटी (कपाशीची झाडं) कमरेएवढी, मधेमधे तुरीच्या ओळी. आजोबा थेट लांबच्या बांधावर गेले, मागे वळून घराचं अंतर पाहिलं आणि समाधानाने बसले. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्यांनी आधीच सुरुवात केली होती.

"मी पोस्टमन होतो बेटा. पाच गावं सायकलनं फिरो. कागद हातातून घेत, पण पाणी मांगलं तं वरून ओंजळीत ओतत. काहून, तं तुम्ही मांस खाता. आता ज्या घरी बकरा शिजून राह्यला त्या घरी बी मले पाणी वरूनच भेटे." ते हसले. "माझ्या मायनं मेलेल्या ढोराचं मांस खाल्लं. हौस नव्हती, वाट्याले तेच ये. नागपूरले धम्म घेतला त्या वर्षी मी दहाचा होतो. बापानं ते काम सोडलं, मायनं ते खाणं सोडलं. पुढं जे खाल्लं ते आपल्या पैशाचं, आपल्या मर्जीचं."

"मग आता का सोडलंत?" मी विचारलं. दोन दिवसांतला हा माझा पहिला खरा प्रश्न असावा.

"आतापर्यंत दयेच्या गोष्टी सांगणारा जो भेटला, तो मले हलका ठरवाले सांगे. शिबिरातले भन्ते माझ्या भल्यासाठी सांगत. मंग ऐकलं." त्यांनी तुरीची एक शेंग तोडून सोलली आणि दाणे माझ्या हातावर ठेवले. हातावर, वरून नाही. "पण जीभ काही शिबिराले आलती नाही."

मी म्हणाले, "आजोबा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"घरी चालता चालता सांग," ते मफलर सोडत म्हणाले. "आता झालं असन."

झालं होतं. मोरीपाशी तांबडी पिसं ओली होऊन पडली होती.

जेवायला आम्ही ओळीने बसलो. ताटात भाकर, कांदा, लिंबू आणि वाटीत गडद लाल रस्सा. आजोबांनी हात धुतले, घास मोडला आणि थांबले. "तुयासाठी आहे, तू सुरू कर," ते म्हणाले. नियम तसा होता. काकू चुलीपुढून मान वळवून पाहत होत्या. प्रज्ञा पाहत होती.

"मी खात नाही," मी म्हणाले.

"काय?" प्रज्ञा म्हणाली. "काल तर..."

काकूंचा हात डावावर थांबला. "खात नाही," त्यांनी विचारलं, "का आमच्या इथलं खात नाही?"

त्यात राग नव्हता, इतक्या साध्या आवाजात त्यांनी ते विचारलं. पाहुण्याला मीठ बरोबर आहे का विचारावं तसं. बोलून झाल्यावर त्यांनी चुलीकडे तोंड फिरवलं.

आजोबांनी ताट चार बोटं पुढे सरकवलं. "मंग हा मेला कोणासाठी?" ते स्वतःशीच म्हणाले. "तिच्यासाठी नाही, तं माझ्यासाठीच. आता मले शंका आली." एरवी प्रज्ञाने यावर त्यांना सोडलं नसतं. आज ती भाकरीचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा मोडत राहिली. दोन वर्षं जपलेला नियम, चार महिन्यांची वाट, आणि माझ्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोडीत निघाली होती.

त्या रात्री परतीच्या बसमध्ये, मांडीवर काकूंनी बांधून दिलेलं भाकरीचं गाठोडं घेऊन, मी पुष्कळ चांगली वाक्यं तयार केली. मांस न खाणं आणि कोणाच्या घरचं न खाणं या दोन गोष्टी माझ्या घराण्यात इतकी वर्षं एकाच पंगतीला बसल्या की, त्या वेगळ्या आहेत हे सांगायचं काम आता माझ्यावर आलं होतं, आणि ते मुक्याने होणारं नव्हतं. मी आजही मांस खात नाही. पण माझ्या निष्ठेपायी कोणाला काही सोसावं लागलेलं नाही, असं आता मला म्हणता येत नाही. आजोबांनी खाण्याचा विचार मफलर बांधून का होईना, पण रोज केला; मी तो चौदाव्या वर्षी एकदा करून ठेवून दिला होता. हे सगळं बसमध्ये सुचलं. तिथे, त्या ताटापुढे, यातलं काहीच सुचलं नाही. रश्शाची वाटी मी उचलून आजोबांच्या ताटात ठेवली आणि चुलीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"आजोबा, तो माझ्यासाठीच मेला. मी दोन दिवस तोंड उघडलं नाही, म्हणून मेला. शंका ठेवू नका, जेवा तुम्ही. आणि काकू, मी मांस कुठेच खात नाही. पण तुमच्या हातच्या भाकरी मला अजून दोन लागणार आहेत."